आर्थर रोड ते कस्तुरबा : साथींच्या रुग्णालयाची वाटचाल

मुंबई महानगरपालिकेच्या कस्तुरबा सांसर्गिक रोग रुग्णालयाची सुरुवात १८९२ सालची. चिंचपोकळी स्थानकाजवळचे हे आवार तेव्हा ‘आर्थर रोड हॉस्पिटल’ म्हणून ओळखले जाई. कोट, मांडवी, गिरगाव ही दाट वस्ती दक्षिणेला, म्हणून संसर्गाचा रुग्ण तिच्यापासून दूर ठेवावा, असा त्या काळच्या आरोग्यव्यवस्थेचा हिशेब होता. जागा निवडताना वस्तीपासूनचे अंतर पाहिले गेले. तिथे जाणाऱ्या माणसाच्या मनाचा विचार मात्र राहून गेला आणि त्याची किंमत चारच वर्षांत मोजावी लागली.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीतील एका रुग्णाला गाठीचा ताप, म्हणजेच प्लेग, असल्याचे निदान केले. ६ ऑक्टोबरला महापालिका आयुक्त स्नो यांनी हुकूम काढला. त्यानुसार प्लेगचा संशय असलेल्या रुग्णाला घरातून उचलून सक्तीने रुग्णालयात नेता येणार होते. मांडवी ते आर्थर रोड हे अंतर चार-पाच किलोमीटरचे, पण चाळीतल्या माणसाला ते परक्या मुलखाएवढे वाटे. तिथे परजातीच्या हातचे अन्नपाणी, अनोळखी औषध आणि घरच्यांची ताटातूट. त्यातून गेलेला माणूस बहुधा परत येत नसे, कारण रुग्णालयात आणेपर्यंतच आजार हाताबाहेर गेलेला असे. रुग्णालयात माणसे मारली जातात, अशा अफवा उठल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणी कामगारांनी रुग्णालयावर हल्ला केला. भीतीने पेटलेल्या त्या जमावाला केवळ अडाणी ठरवणे अन्यायाचे होईल.

दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य करण्यात आला. घरी स्वतंत्र सोय आणि उपचार होत असतील, तर रुग्णाला हलवण्याची सक्ती उरली नाही. पुढच्या काळात शहरात निरनिराळ्या जाती-जमातींनी स्वतःची प्लेग रुग्णालये उभारली. आपल्या रीतीचे जेवण, ओळखीचा वैद्य आणि नातेवाइकांची ये-जा असली की तीच माणसे रुग्णाला तिथे आणून सोडू लागली. साथीचे रुग्णालय कुठे असावे, या प्रश्नाचे मुंबईला मिळालेले हे पहिले खरे उत्तर होते, असे म्हणता येईल. पुण्यात सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी १८९७ मध्ये गावाबाहेरच्या माळावर दवाखाना काढून हेच काम केले. सावित्रीबाई स्वतः रुग्ण तिथे नेत. त्याच सेवेत प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

आर्थर रोडचे रुग्णालय मात्र टिकून राहिले. आजूबाजूला गिरणगाव दाटले आणि एके काळची कडेची जागा शहराच्या मधोमध आली. रुग्णालयाला कस्तुरबांचे नाव मिळाले. देवी, कॉलरा, घटसर्प अशा साथी आल्या, ओसरल्या. देवी तर जगातूनच गेली. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि गॅस्ट्रोचे रुग्ण येत राहिले. या काळातले श्रेय कोणा एकाचे नाही. संसर्गाच्या वॉर्डात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिका, आया, वॉर्डबॉय आणि सफाई कामगार यांनी हे रुग्णालय चालते ठेवले.

२००९ मध्ये स्वाइन फ्लू आला, तेव्हा मुंबईतील संशयितांची रीघ याच दारात लागली. सारा भार एकाच आवारावर पडला की तपासणीची रांगच संसर्गाची जागा होते, हे त्या वर्षी ध्यानात आले.

करोनाच्या वेळी या अनुभवाचा उपयोग झाला. जानेवारी २०२० मध्येच कस्तुरबात विलगीकरण कक्ष सज्ज झाला, पुढे तपासणीही इथेच होऊ लागली. मात्र रुग्ण वाढताच शहराने खाटा विखुरल्या. मरोळचे सेव्हन हिल्स, गोरेगावचे नेस्को, वरळीचे डोम ही केंद्रे त्यातलीच. धारावीसाठी धारावीलगतच्या निसर्ग उद्यानाच्या आवारात २०० खाटांचे रुग्णालय उभे राहिले. वांद्रे-कुर्ला संकुलातले तात्पुरते रुग्णालय सुमारे हजार खाटांचे होते. मोकळे मैदान, रुंद रस्ते, रुग्णवाहिकेला वळायला जागा, सारे जमून आले होते. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर आले आणि तिथल्या रुग्णांना आधीच दुसरीकडे हलवावे लागले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाच्या वेळीही तसेच घडले. समुद्रकाठच्या शहरात मांडवाखालच्या खाटेला वाऱ्याचाही हिशेब ठेवावा लागतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये कस्तुरबात जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा कार्यरत झाली. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवराची साथ पसरली, तेव्हा कस्तुरबाबरोबरच गोवंडीच्या शताब्दी रुग्णालयातही मुलांसाठी खाटा ठेवण्यात आल्या. आज साने गुरुजी मार्ग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आर्थर रोडवरचे हे रुग्णालय सांसर्गिक रोगांसाठी महापालिकेचे प्रमुख केंद्र असून, ताप, कावीळ, गोवर, लेप्टोचे रुग्ण तिथे दाखल होत आहेत.