पायाखालचा ब्रेक पायाच्या मापाचा हवा

प्रतिनिधी, परभणी

श्रावण लागला की परभणीतून दुचाकीस्वारांच्या फेऱ्या सुरू होतात. एका दिशेला सुमारे ५० किलोमीटरवर औंढा नागनाथ, तर दुसऱ्या दिशेला गंगाखेडमार्गे सुमारे ६५ किलोमीटरवर परळी वैजनाथ. एरवीही जिंतूर, सेलू, पाथरी, पालम या भागांत रोज ये-जा करणारे शिक्षक, विक्रेते, कृषी सहायक आणि शेतकरी यांचा मोठा आधार दुचाकीच असतो. महानगरांत ‘टूरिंग’साठी वेगळ्या मोटारसायकली घेतल्या जातात. मराठवाड्यात मात्र १०० सीसीची साधी गाडीच महिन्याकाठी शेकडो किलोमीटरचा प्रवास निमूटपणे पार पाडते.

या प्रवासानंतर पोटऱ्या भरून येतात, घोटा दुखतो, उजव्या नडगीत कळ येते. दोष रस्त्याला दिला जातो किंवा वयाला. गाडीच्या ब्रेक पेडलची आणि गिअर लिव्हरची उंची आपल्या पायाशी जुळते का, हे मात्र सहसा कोणी पाहत नाही. कारखान्यातून गाडी येते ती सरासरी मापाच्या पायासाठी. पाच फुटांचा आणि सहा फुटांचा स्वार तीच गाडी त्याच मापात वर्षानुवर्षे चालवत राहतो.

प्रश्न केवळ आरामाचा नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी दुचाकी एका सेकंदात सुमारे साडेसोळा मीटर अंतर कापते. पेडल शोधण्यात अर्धा सेकंद गेला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच गाडी आठ मीटर पुढे गेलेली असते. दिवा नसलेली उसाची ट्रॉली किंवा अचानक आडवी आलेली गुरे समोर असताना हे आठ मीटर फार मोठे ठरतात.

बसून पाहा, मग ठरवा

तपासणी सोपी आहे. गाडी सपाट जागी उभी करावी, एखाद्याला ती सरळ धरायला सांगावे आणि रोजचेच पादत्राण घालून नेहमीसारखे बसावे. उजवे पाऊल फूटरेस्टवर सैल ठेवावे. तळवा आणि ब्रेक पेडल यांच्यात साधारण बोटभर अंतर राहावे आणि फूटरेस्टवरचा भार न हलवता केवळ घोटा वाकवून पेडल दाबले जावे, अशी स्थिती योग्य समजावी.

पेडल उंच असेल तर चवडा सतत वर उचलून धरावा लागतो आणि नडगीचे स्नायू थकतात. कंटाळून पाय पेडलवरच टेकवला, तर ब्रेक शू ड्रमला घासत राहतात. ड्रम तापतो, पेट्रोल अधिक लागते आणि मागचा दिवा सतत पेटलेला राहतो. आपण खरोखर ब्रेक लावला आहे की नाही, हे मग मागच्या वाहनचालकाला कळत नाही. पेडल फार खाली असेल तर पाऊल पुढे ताणावे लागते आणि ऐनवेळी पुरेसा दाब मिळत नाही.

ब्रेकची जुळणी

अनेक गाड्यांत पेडलजवळ लॉकनट असलेला छोटा स्टॉपर बोल्ट असतो. लॉकनट सैल करून हा बोल्ट फिरवला की पेडलची उंची बदलते. त्यानंतर मागच्या ड्रमजवळ ब्रेक रॉडच्या टोकाला असलेल्या नटाने पेडलची मोकळी हालचाल ठरवावी. ड्रम ब्रेकच्या बहुतेक लहान गाड्यांत ही हालचाल पेडलच्या टोकाशी २० ते ३० मिलिमीटर असते. नेमका आकडा गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत पाहावा. नटाची अर्धगोल खाच पिनेवर नीट बसली आहे ना, याची खात्री करावी. तसे नसेल तर दोन-चार वेळा ब्रेक दाबताच नट जागेवर बसतो आणि माप बिघडते.

शेवटी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे. ते न अडखळता फिरले पाहिजे. पेडल थोडे दाबताच मागचा दिवा लागतो का, हेही पाहावे. दिव्याच्या स्विचला बहुधा स्वतंत्र नट असतो.

एक बाब हमखास विसरली जाते. साखळी ताणताना मागचे चाक मागे सरकते आणि ब्रेक रॉड आपोआप ताणला जातो. त्यामुळे साखळी ताणली की ब्रेकची मोकळी हालचाल पुन्हा तपासावी.

मागे डिस्क ब्रेक असेल तर घरी प्रयोग करू नयेत. तेथे मोकळी हालचाल उरली नाही तर ब्रेक ऑईल तापून प्रसरण पावते आणि चालत्या गाडीत ब्रेक हळूहळू जाम होतो. एप्रिल २०१९ पासून भारतात १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्रित ब्रेक प्रणाली किंवा एबीएस बंधनकारक आहे. एकत्रित प्रणालीत मागचे पेडल दाबताच पुढचा ब्रेकही काही प्रमाणात लागतो. अशा गाडीची जुळणी जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्यावी.

डाव्या पायाचे काम

गिअर लिव्हर दात्यांच्या दांड्यावर बसवलेला असतो व एका बोल्टने आवळलेला असतो. मूळ जागेची खूण करून बोल्ट पूर्ण काढावा, लिव्हर बाहेर ओढून एक दाता वर किंवा खाली बसवावा आणि बोल्ट घट्ट आवळावा. एकाच वेळी दोन-तीन दाते सरकवू नयेत.

येथे गिअरची पद्धत लक्षात घ्यावी लागते. १९८५ मध्ये आलेली हिरो होंडा सीडी १०० आणि १९९४ ची स्प्लेंडर यांत वरचे गिअर चवड्याने खाली दाबून पडतात आणि टाचेने उतरतात. तेथे लिव्हरची दोन्ही टोके सहज दाबता येतील अशी उंची हवी. ज्या गाड्यांत पहिला गिअर खाली आणि बाकीचे वर असतात, तेथे लिव्हरखाली चवडा सहज शिरला पाहिजे. उन्हाळ्यात चपलेवर जुळवलेली उंची पावसाळी गमबुटाला अपुरी पडते, ती यामुळेच.

जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. २०१० च्या सुमारास नव्या इंजिनाबरोबर ही रचना बदलली. जुनी बुलेट वापरणाऱ्याने दुसऱ्याची गाडी घेतली, तर संकटाच्या क्षणी पाय सवयीने चुकीच्या बाजूला जाऊ शकतो. अशा वेळी निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत दोन फेऱ्या मारणे शहाणपणाचे.

काळी माती आणि गार्डवरचे पाय

परभणीच्या काळ्या मातीचा चिखल पावसाळ्यात पादत्राणाला थरावर थर चिकटतो. शेतातून थेट गाडीवर बसले की फूटरेस्ट निसरडे होते आणि पेडलखाली अडकलेला चिखल वाळून घट्ट बसतो. मग पेडल पूर्ण खाली जात नाही. निघण्यापूर्वी काठीने तो काढावा. फूटरेस्टचे व पेडलचे रबर गुळगुळीत झाले असेल तर बदलावे. सैल चप्पल लांबच्या प्रवासाला टाळावी.

गाडी एकदा पडली असेल तर फूटरेस्ट किंवा पेडल वाकले आहे का, हे समोरून पाहावे. एकाच पायाला थकवा येण्याचे कारण अनेकदा तेथे सापडते.

मोकळ्या रस्त्यावर लेगगार्डवर पाय टेकवून जाणारे अनेकजण दिसतात. गुडघ्यांना विसावा मिळतो हे खरे. परंतु तेथून पाय ब्रेकपर्यंत येईतो ते आठ मीटर केव्हाच संपलेले असतात. वेल्डिंग करून फूटरेस्ट पुढे नेणे हा तर कायद्याचाही प्रश्न आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल वाहनात करता येत नाहीत. गाडीतच दिलेल्या नट-बोल्टने केलेली जुळणी ही त्याहून वेगळी बाब आहे. अवघडलेल्या गुडघ्यांसाठी तासाभराने थांबून चार पावले चालणे, हाच उत्तम उपाय.

जुळणीनंतर लगेच हमरस्त्यावर जाऊ नये. रिकाम्या रस्त्यावर कमी वेगात आठ-दहा वेळा ब्रेक लावून नव्या उंचीची पायाला सवय करावी आणि सर्व नट पुन्हा एकदा आवळून पाहावेत. गाडी घरातील दोघे चालवत असतील, तर ज्याचा प्रवास लांबचा त्याच्या मापाने जुळणी करावी आणि दुसऱ्याला ती आवर्जून सांगावी.