बाजाराचा दिवस

चाकणच्या बाजाराला आमच्या वाडीवरच्या बायका तेव्हा चालत जायच्या. डोक्यावर पाटी, कडेवर पोर, आणि गप्पा अशा की रस्ता कधी सरला कळायचं नाही. गडीमाणसांना त्या गप्पा रिकामटेकड्या वाटत. माझी धाकटी काकी मात्र त्याच गप्पांमुळं तगली.

साल १९८३ असेल, मी नऊ-दहा वर्षांची. काकीला तीन मुली, अंगात रक्त नाही, आणि चौथ्यांदा दिवस गेलेले. तिला ते मूल नको होतं. घराला मुलगा हवा होता. काकीनं हे आईला विहिरीवर सांगितलं, आईनं थोरल्या काकीला खुरपताना. घरात अवाक्षर नाही.

कुटुंब नियोजन म्हटलं की गावाला आणीबाणी आठवायची. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक आपल्या विधिमंडळानं मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते राहिलं. पण सरकारी जीप दिसली की गडी उसात शिरायचे, ते पुढं कितीतरी वर्षं. त्या धाकात बायकांच्या सोयीचा एक कायदा कुणाच्या गावीही नव्हता. गर्भपाताचा कायदा १९७१ साली झाला, १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. सज्ञान बाईची स्वतःची संमती त्यात पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

बाजाराच्या दिवशी तिघी निघाल्या, मागं शेपटासारखी मी. पहिल्याच दवाखान्यात सांगितलं, "मालकाची सही आणा." काकी पायरीवरच बसली. थोरली म्हणाली, "सही करणारा असता तर आमी तिघी कशाला आलो असतो?"

मग आठवड्यानं पिंपरी. तिथं आईची मावसबहीण राहायची. तिचा नवरा हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये, म्हणजे १९५४ साली उभ्या राहिलेल्या त्या पेनिसिलिनच्या कारखान्यात कामाला. कारखान्यांनी आमच्या भागाचं काय काय केलं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. बायकांना त्यातून शहरात उतरायला एक हक्काची खोली मिळाली, हे कुणी लिहीत नाही. घरी सांगितलं, मावशीकडं डोहाळजेवण आहे. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागद वाचून दाखवला, काकीचा अंगठा घेतला. तांबीही तेव्हाच बसवली.

घरी आल्यावर आजी कुणाकडंच न बघता म्हणाली, "धाकटीला चार दिस पाणी शेंदू देऊ नका. उसण भरलीय तिला." एवढंच. तिला काय ठाऊक होतं, ते तिनं कधी सांगितलं नाही.

या एकजुटीचे नुसतेच गोडवे मला गाता येत नाहीत. पुढं सोनोग्राफी आली, आणि सुनेला तपासायला नेणाऱ्याही बायकाच होत्या. तोच बाजाराचा दिवस, तीच थाप. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं मुली १९९१ साली ९४६ होत्या, २००१ साली ९१३, २०११ साली ८९४.

काकीच्या थोरल्या लेकीला दोन मुलींवर पुन्हा दिवस गेले. तिला मूल हवं होतं. सासरच्यांना आधी तपासणी. काकीनं ऐन कांदा काढणीत शेत जावांवर सोपवलं आणि लेकीच्या सासरी जाऊन महिनाभर तिच्या शेजारी अंथरूण टाकलं. बाजारालासुद्धा एकटीला जाऊ दिलं नाही.

तिसरीही मुलगीच झाली. बारशाला आमच्याकडच्या झाडून साऱ्या बायका टेम्पो करून गेल्या.