भरलेले धरण आणि गळके नळ

ऑगस्ट २०१९ मध्ये बारवी धरण आपल्या वाढीव उंचीपर्यंत पहिल्यांदाच भरले आणि त्याच्या स्वयंचलित दरवाजांवाटे पाणी बाहेर पडू लागले. उल्हासनगर, अंबरनाथ, डोंबिवलीपासून ठाणे, मीरा-भाईंदर, नवी मुंबईपर्यंतच्या वस्त्यांना आणि कारखान्यांना कमीअधिक पाणी पुरवणाऱ्या या धरणाची ती बातमी होती. उन्हाळ्यातली पाणीकपात सोसलेल्या माणसाला 'धरण भरले' या दोन शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मात्र हाच माणूस आपल्या मोबाइलच्या पडद्यावर 'स्मृती ८५ टक्के वापरात' असे वाचतो, तेव्हा दचकतो. बॅटरी आता उतरणार या धास्तीने तो एकामागून एक ॲप अंगठ्याने वर सरकवून बंद करत सुटतो. धरणाच्या बाबतीत जे सुखाचे वाटते, ते मोबाइलच्या बाबतीत संकटाचे का वाटावे? या प्रश्नाचा माग काढताना जो इतिहास आमच्यासमोर आला, तो येथे थोडक्यात मांडत आहोत.

संगणकाच्या स्मृतीचा इतिहास हा मुळात टंचाईचा इतिहास आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा संगणक कामाला लागला. त्याची स्मृती फेराइटच्या कड्यांची होती आणि तीत प्रत्येकी ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. आजच्या मापात हे जेमतेम १० किलोबाइट भरतात. एवढ्या जागेत वैज्ञानिक गणिते बसवायची, तर काय आत ठेवायचे आणि काय बाहेर काढायचे याचा हिशेब आज्ञावली लिहिणाऱ्यालाच करावा लागे. हा हिशेब माणसाकडून काढून यंत्राकडे सोपवण्याचा पहिला मोठा प्रयत्न मँचेस्टर विद्यापीठात झाला. १९६२ च्या अखेरीस तेथे सुरू झालेल्या ॲटलस संगणकाने जलद पण तुटपुंजी स्मृती आणि मंद पण प्रशस्त साठा या दोहोंना एकच कोठार असल्याचे रूप दिले. लागेल ते पान आत आणायचे आणि न लागणारे बाहेर ठेवायचे, हे काम यंत्र आपले आपण करू लागले.

सोय झाली, तसे नवे दुखणेही उद्भवले. एकाच वेळी फार कामे आत घेतली, तर यंत्राचा सारा वेळ पानांची ने-आण करण्यातच जाई आणि प्रत्यक्ष काम ठप्प होई. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या दुखण्याची मीमांसा केली आणि 'वर्किंग सेट' ही कल्पना मांडली. प्रत्येक कामाला अलीकडच्या काळात खरोखर लागलेली पाने कोणती, ते पाहावे. तेवढी आत मावत असतील तरच ते काम चालू ठेवावे, एरवी थांबवावे. थोडक्यात, कोणाला आत घ्यायचे हे ठरवण्याइतकेच कोणाला थांबवायचे हे ठरवणेही महत्त्वाचे आहे. 'वर्किंग सेट' हा शब्दप्रयोग वाचकांनी ध्यानात ठेवावा. ५० वर्षांनी तो अनपेक्षित जागी पुन्हा भेटणार आहे.

मोबाइल फोन खिशात आला, तेव्हा या जुन्या टंचाईला दुसरी जोडली गेली. टिफ्रॅकला वीज भिंतीतून मिळत होती. फोनला ती ८५० मिलीॲम्पिअर-तासांच्या छोट्या बॅटरीतून मिळू लागली. २००३ चा नोकिया ११०० एवढ्याच बॅटरीवर दिवसचे दिवस चालत असे. भारनियमनाच्या काळात ग्रामीण महाराष्ट्राला त्याच्या बॅटरीइतकाच त्याचा विजेरीचा दिवाही प्रिय होता. या दीर्घायुष्याचे कारण साधे होते. तो फोन बहुतेक वेळ झोपलेला असे. अधूनमधून जागा होऊन जवळच्या मनोऱ्याची हाक ऐके आणि पुन्हा झोपे. त्याच काळातल्या सिंबियन कार्यप्रणालीनेही हाच काटकसरीचा संस्कार उचलला होता. सायन कंपनीच्या हातात मावणाऱ्या संगणकांतून ती जन्मली होती. घेतलेली प्रत्येक जागा परत करावी आणि 'काही आले का?' असे पुन्हा पुन्हा न विचारता कोणी उठवीपर्यंत स्वस्थ पडावे, ही शिस्त तिने प्रत्येक आज्ञावलीकारावर लादली. ती पाळणे जिकिरीचे होते आणि आज्ञावलीकार तिला कंटाळले होते, हेही खरे.

आयफोन २००७ साली आला आणि २००८ साली बाहेरच्यांची ॲप्स त्यावर चालू लागली, तेव्हा ॲपल कंपनीने सरळ दारच लावून घेतले. पडद्यावर दिसणारे ॲप तेवढे चालेल, बाकीची थांबतील. पडद्याआड काम करण्याची मुभा २०१० साली मिळाली. तीही गाणे वाजवणे, महाजालावरून बोलणे, ठिकाण कळवणे अशा मोजक्या कामांपुरतीच होती. त्याच २००८ सालच्या अँड्रॉइडने उलट वाट धरली. ॲप्सना पडद्याआड राहू द्यावे, त्यांनी स्मृती भरू द्यावी आणि जागा अपुरी पडू लागली की सर्वांत कमी महत्त्वाचे ॲप निमूटपणे संपवावे, असे तिचे धोरण होते. हे संपवण्याचे काम करणारा घटक 'लो मेमरी किलर' या काहीशा क्रूर नावाने ओळखला जातो. मोठा संगणक अशा वेळी नको असलेली पाने तबकडीवर नेऊन ठेवतो. फोनमधल्या कायम साठ्याची पुन्हा पुन्हा लिहून झीज होत असल्याने तेथे हा मार्ग सहसा टाळला जातो. आधी पाने दाबून लहान केली जातात आणि तेवढ्याने भागले नाही तर ॲपवर गदा येते.

बारवीच्या स्वयंचलित दरवाजांशी या योजनेचे साम्य आहे. पाणी ठराविक पातळी ओलांडीपर्यंत दरवाजे मिटलेले असतात आणि पातळी ओलांडली की ते आपोआप उघडतात. साठा काठोकाठ असणे हा तेथे बिघाड नसतो, त्यासाठीच धरण बांधलेले असते. स्मृतीचेही तसेच आहे. चालू कामाच्या स्मृतीतील विद्युतभार गळून जाऊ नये म्हणून तो सेकंदाला अनेक वेळा ताजा करावा लागतो. हा खर्च ती जागा भरलेली असो वा रिकामी, जवळपास सारखाच येतो. म्हणजे रिकाम्या स्मृतीने वीज वाचत नाही. उलट, बंद केलेले ॲप पुन्हा उघडताना ते मुळापासून आत आणावे लागते आणि त्यात जास्त वीज खर्ची पडते.

तरीही २००९ च्या सुमारास 'टास्क किलर' नावाच्या ॲप्सचे पेव फुटले. बोटाच्या एका स्पर्शात सारे बंद करून 'इतकी स्मृती मोकळी केली' अशी पावती ती देत. मोकळा आकडा डोळ्यांना दिसतो, पडद्याआडची जाग दिसत नाही. या ॲप्सची लोकप्रियता त्यावरच उभी होती. अँड्रॉइडच्या अभियंत्या डायॅन हॅकबॉर्न यांनी २०१० साली सविस्तर लेख लिहून आपल्या कार्यप्रणालीची रीत समजावून सांगितली. २०१६ साली एका ग्राहकाच्या पत्राला उत्तर देताना ॲपलचे क्रेग फेडेरिघी यांनीही, ॲप्स हाताने बंद करून बॅटरी वाचत नाही, असे स्पष्ट सांगितले. अंगठ्याची सवय मात्र आजतागायत सुटलेली नाही.

मग बॅटरी जाते कोठे? धरणाची भिंत शाबूत असते, पण नळ गळके असतात. जाग्या झालेल्या ॲपने प्रोसेसरला झोपू दिले नाही, दर काही मिनिटांनी महाजालाशी संपर्क साधला, उपग्रहाकडे ठिकाण विचारले, की वीज जाते. अँड्रॉइडने ॲप्सना 'वेकलॉक' नावाची एक चावी दिली होती. ती हाती असेतो ॲप फोनला झोपू देत नसे आणि ती परत करायला विसरलेली ॲप्स रात्रभर बॅटरी पीत राहात. संपर्काचा खर्च आणखी फसवा असतो. तिसऱ्या पिढीच्या जाळ्यात चार अक्षरे पाठवून झाल्यावरही रेडिओ काही सेकंद पूर्ण शक्तीने जागा राहात असे. न जाणो, आणखी काही आले तर! म्हणून एकदाच पाठवलेल्या मोठ्या मजकुरापेक्षा तुटक तुटक पाठवलेल्या बारीकसारीक निरोपांची किंमत जास्त पडे. पर्ड्यू विद्यापीठातील अभिनव पाठक आणि चार्ली हू यांनी सहकाऱ्यांसह २०१२ साली केलेल्या मोजमापात काही लोकप्रिय फुकट ॲप्सच्या विजेपैकी ६५ ते ७५ टक्के वीज त्यांत बसवलेल्या जाहिराती आणि तत्सम परक्या घटकांवर खर्च होत असल्याचे दिसले. ॲप फुकट मिळत होते आणि त्याचे मोल बॅटरीतून वसूल होत होते.

ही गळती थांबवण्यासाठी पुढची काही वर्षे कार्यप्रणालीने एकेक तोटी आपल्या ताब्यात घेतली. २०१४ साली कामे साठवून एकदम उरकण्याची सोय झाली. २०१५ साली 'डोझ' आले. फोन निश्चल पडून असला की ॲप्सना ठराविक अवकाशानेच जागे होता येईल असा नियम त्याने घातला, जणू दिवसातून दोनदाच पाणी सोडावे तसा! २०१७ साली पडद्याआडच्या सेवांवर मर्यादा आल्या आणि २०१८ साली वापराच्या वारंवारतेनुसार ॲप्सचे वर्ग पाडण्यात आले. त्यांतल्या एका वर्गाचे नाव आहे 'वर्किंग सेट'. डेनिंग यांनी स्मृतीच्या वाटपासाठी घडवलेला शब्द अशा रीतीने विजेच्या वाटपापर्यंत येऊन पोचला.

येथवरचा इतिहास सुधारणेचा वाटतो. पण आमच्या मते त्यात एक सत्तांतरही घडले आहे आणि त्याची चर्चा पुरेशी झालेली नाही. काय जागे राहील हे आधी आज्ञावलीकार ठरवत होता. मग काही काळ, चुकीच्या समजुतीने का होईना, वापरणारा ठरवू लागला. आता ते कार्यप्रणाली आणि फोन बनवणाऱ्या कंपन्या ठरवतात. 'दोन दिवस चालणारी बॅटरी' जाहिरातीत मिरवता यावी म्हणून अनेक कंपन्यांनी मूळ अँड्रॉइडहून कितीतरी कडक नियम घातले. परिणामी औषधाच्या वेळेची आठवण वाजत नाही, गजर चुकतो, घरच्यांचा निरोप फोन हातात घेईपर्यंत येत नाही. या तक्रारी इतक्या साचल्या की कोणती कंपनी ॲप्स किती निर्दयपणे संपवते याची यादी ठेवणारे 'डोन्ट किल माय ॲप' हे संकेतस्थळच उभे राहिले. मोठ्या नामांकित ॲप्सना पुष्कळदा सवलत मिळते. लहान, गरजेचे, क्वचित उघडले जाणारे ॲप आधी बळी पडते. ज्याच्या फोनची स्मृती अपुरी त्याच्यावर हा वरवंटा अधिक फिरतो. २०१७ साली आलेल्या जिओफोनची स्मृती ५१२ मेगाबाइट होती आणि त्याच वर्षीची 'अँड्रॉइड गो' ही आवृत्ती १ गिगाबाइट किंवा त्याहून कमी स्मृतीच्या फोनांसाठीच काढली होती. महागड्या फोनात दहा ॲप्स सुखाने नांदतात, तर स्वस्त फोनात तिसरे उघडले की पहिले जाते.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही, हे बदलापूरकरांना वेगळे सांगायला नको. २६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. हजारावर प्रवासी डब्यांत होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आपत्ती प्रतिसाद दल, नौदल आणि स्थानिक लोकांनी त्यांना बाहेर काढले. चहूकडे पाणी, गाडीतून उतरू नका अशी सूचना आणि हातात उतरत चाललेली बॅटरी! अशा वेळी एखाद्या खेळाने दिवसभर कशासाठी जागे राहून किती वीज प्यायली, याला अर्थ येतो. आणि त्याच वेळी बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली इशारा देणारे ॲपच झोपवले गेले असेल, तर त्या बचतीलाही अर्थ उरत नाही. २०२३ साली आपल्याकडे मनोऱ्यावरून थेट सर्व फोनांवर इशारा धाडण्याच्या चाचण्या झाल्या. तो मोठ्या आवाजाचा संदेश अनेकांना आठवत असेल. तो कोणत्याही ॲपच्या जागे असण्यावर अवलंबून नसतो, हे त्याचे मोठे बळ. काही गोष्टी वाटपाच्या हिशेबाबाहेरच ठेवाव्या लागतात, याची ती कबुली आहे.

बारवीच्या इतिहासातही वाटपाचा हाच प्रश्न आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने १९७२ च्या सुमारास हे धरण बांधले ते प्रामुख्याने कारखान्यांसाठी. शहरे वाढली, तशी पिण्याच्या पाण्याची मागणी त्यावर चढत गेली आणि धरणाची उंची टप्प्याटप्प्याने वाढली. आज त्याची क्षमता सुमारे ३४० दशलक्ष घनमीटर आहे. ही क्षमता आकाशातून पडलेली नाही. वाढीव पातळीखाली ज्यांची घरे आणि शेते गेली, त्या बहुतांशी आदिवासी कुटुंबांनी पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे झगडा दिला. साठा वाढवताना कोणाला तरी जागा सोडावी लागते आणि जागा सोडणाऱ्याला कोणी विचारले का, हा प्रश्न साठ्याच्या आकड्यात दिसत नाही. विस्थापितांच्या दुःखाची आणि बंद पडलेल्या ॲपची बरोबरी करण्याचा अविचार आम्ही करणार नाही. पण आकडा सुधारला म्हणजे वाटप न्याय्य झाले, ही समजूत दोन्हीकडे सारखीच फसवी आहे.

तेव्हा स्मृतीचा आकडा पाहून दचकणे सोडावे, हे पहिले. फोनच्या मांडणीत बॅटरी कोणी किती वापरली याची यादी असते. ती अधूनमधून वाचावी आणि न उघडताही वरच्या स्थानी बसलेल्या ॲपला जाब विचारावा. ज्यांचे जागे राहणे आपल्याला निकडीचे, त्यांना कंपनीच्या नियमांतून स्वतःच्या हाताने सूट द्यावी. एवढे वापरणाऱ्याला करता येते. पण धरणाचे दरवाजे उघडण्यापूर्वी नदीकाठच्या गावांना सावध करावे लागते. फोन मात्र आपले एखादे ॲप झोपवताना आपल्याला बहुधा काहीच सांगत नाही. निदान तेवढी पूर्वसूचना मागण्याचा हक्क विकत घेणाऱ्याला असावा, असे आम्हांला वाटते.