सूक्ष्म कणांची परीक्षा

एखादा पदार्थ विषारी आहे काय, हा प्रश्न फार जुना आहे. परंतु तो आपल्या वंशबीजांत बिघाड करतो काय, हा प्रश्न विसाव्या शतकाचा आहे. दंतमंजनांत, उन्हापासून रक्षण करणाऱ्या लेपांत व मिठाईच्या पांढऱ्या रंगांत आज जे अतिसूक्ष्म कण आढळतात, त्यांच्यासंबंधीं हा प्रश्न इतका बिकट कां झाला, हें परीक्षेच्या कसोट्यांचा इतिहास पाहिल्यास वाचकांच्या ध्यानांत येईल.

१९२७ सालीं हर्मन मुलर या अमेरिकन शास्त्रज्ञानें क्ष-किरणांमुळें फळमाशीच्या संततींत नवे दोष उत्पन्न होतात, असें दाखविलें. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत एडिंबरो येथें शार्लट आउअरबाख या विदुषीनें मस्टर्ड वायूविषयीं तेंच सिद्ध केलें. किरणांचें हें सामर्थ्य रसायनांतही आहे, असें कळल्यावर नव्या रसायनांची परीक्षा घेणें प्राप्त झालें. पण माशांच्या पिढ्या मोजण्यास वेळ फार लागे.

१९७३ सालीं बर्कली येथील ब्रूस एम्स यांनीं सोपी कसोटी पुढें आणिली. हिस्टिडीन नांवाचें द्रव्य ज्यांस स्वतः बनवितां येत नाहीं, असे जंतु त्यांनीं घेतले. पदार्थामुळें जनुकांत बदल झाल्यास कांहीं जंतूंस ती शक्ति पुनः लाभते व ते वाढूं लागतात. १९७५ सालीं या कसोटीस लाविलेल्या केसांच्या १६९ कलपांपैकीं १५० सदोष ठरले. मुलांच्या रात्रींच्या कपड्यांस आग लागूं नये म्हणून वापरलें जाणारें 'ट्रिस'ही असेंच सांपडलें, व १९७७ सालीं अमेरिकन सरकारनें त्यावर बंदी घातली.

परंतु ही कसोटी विरघळणाऱ्या रसायनांची. मीटरच्या एक कोटीव्या भागाहून लहान असलेला घन कणही जंतूच्या भिंतींतून सहसा आंत जात नाहीं. मग जंतु सुखरूप राहिला, एवढ्यावरून कण निर्दोष कसा म्हणावा? यासाठीं कण गिळूं शकणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या पेशी घ्याव्या लागतात. १९८४ सालीं स्वीडनमध्यें निघालेल्या व १९८८ सालीं नरेंद्र सिंग यांनीं सुधारलेल्या 'धूमकेतु' कसोटींत तुटलेलें डीएनए विजेच्या प्रवाहांत शेपटीसारखें पसरतें. येथेंही अडचणी आहेतच. कण द्रवांत एकमेकांस चिकटून त्यांचे गोळे होतात. आणि दुसऱ्या एका कसोटींत पेशींचें विभाजन थांबविणारें औषधच कणांचा प्रवेश अडवितें.

याची प्रचीति टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगाच्या बाबतींत आली. अमेरिकेनें १९६६ सालीं तो अन्नांत एक टक्क्यापर्यंत मान्य केला. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेस २०१६ सालीं त्यांत धोका दिसला नाहीं. २०२१ सालीं मात्र जनुकांस इजा होण्याची शंका फिटत नाहीं, म्हणून तो निर्धोक मानतां येत नाहीं, असें तिनें जाहीर केलें. २०२२ सालीं युरोपियन संघानें तो अन्नांतून काढला, औषधांत तूर्त राहूं दिला. ब्रिटनच्या तज्ज्ञांस हा निष्कर्ष पटला नाहीं. २०२३ सालीं जागतिक आरोग्य व अन्न-कृषि संघटनांच्या संयुक्त समितीसही पटला नाहीं.

पुरावा बहुतांशीं एकच असतां निर्णय भिन्न झाले. कारण वाद शंकेचा भार कोणीं वाहावा, याविषयींचा होता. 'दोष सिद्ध झाला नाहीं' आणि 'निर्दोषत्व सिद्ध झालें' हीं दोन वाक्यें एक नव्हेत. जेथें रोग्याचा प्राण वांचतो, तेथें थोडी शंका सोसावी. पण मुलांच्या गोळ्या अधिक शुभ्र दिसाव्यात एवढाच जेथें लाभ, तेथें तो भार विकणारानेंच उचलावा, असें आम्हांस वाटतें.