बाटलीवरचं साल

आज द्राक्षाचंच, पण पोर्तुगालचं.

तिथं डोरू नदीच्या खोऱ्यात डोंगरउतारावर दगडी ताली घालून द्राक्ष लावतात. त्याची पोर्ट वाईन. रस अर्धवट आंबला की त्यात द्राक्षाचंच कडक स्पिरिट ओततात, आंबणं थांबतं, गोडी राहते. हंगाम फारच साधला तर त्या एका सालाची 'व्हिंटेज' जाहीर होते, दहा वर्षांत साधारण तीनदा. शौकीन लोक १९६३, १९७७, १९९४ अशा बाटल्या शेजारी ठेवून चव ताडतात. मी माळकरी, मला चवीतलं विचारू नका.

पूर्वी रंगासाठी एल्डरबेरीच्या रसाची भेसळ चालायची. १७५६ साली मंत्री पोंबाल यानं खोऱ्याची हद्द ठरवली, दगड रोवले. पुढं एल्डरबेरीची झाडंसुद्धा उपटायला लावली.

१८६० नंतर फायलोक्झेरा आली. मुळावरची कीड, मळेच्या मळे वाळले. इलाज निघाला अमेरिकन खुंटावर कलम करण्याचा. आपला डॉगरिजही मूळचा अमेरिकेचाच, फक्त आपण तो क्षार नि पाण्याच्या ताणासाठी घेतला.

किंता दो नोव्हाल मळ्यात 'नासिओनाल' नावाचा तुकडा मात्र बिनकलमी, स्वतःच्या मुळांवर आहे. त्याची १९३१ ची बाटली जाणकार फार वर धरतात. आणि त्याच साली बहुतेक व्यापाऱ्यांनी व्हिंटेज जाहीरच केली नाही! जगभर मंदी, त्यात १९२७ चा माल पडून. पीक सोन्यासारखं, गिऱ्हाईक नाही. हे आपल्याला काय नवीन?

तुमच्याकडं कुणाची बिनखुंटाची जुनी बाग अजून उभी असेल तर कळवा, बघायला येतो.