चित्र, क्षण आणि कुलूप

दूरचित्रवाणीवर बातम्या पाहताना एक गंमत आपण सर्वांनीच पाहिलेली असते. स्टुडिओतील निवेदक परदेशातील वार्ताहराला प्रश्न विचारतो. प्रश्न संपतो, तरी वार्ताहर कॅमेऱ्याकडे पाहत नुसता उभा असतो. मग एकदम त्याच्या कानात काहीतरी शिरल्यासारखा तो मान हलवतो आणि बोलू लागतो. मुले हसतात. पण वर्गात एखाद्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, प्रकाश तर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, मग इतका वेळ का लागतो?" तर आपण काय उत्तर द्यावे?

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर असतो. वर आणि खाली मिळून अंतर झाले सुमारे ७१,६०० किलोमीटर. त्याला प्रकाशवेगाने भागा. जवळजवळ पाव सेकंद येतो. प्रश्न जायला पाव सेकंद, उत्तर यायला पाव सेकंद. हा हिशोब आठवीच्या मुलालाही जमेल. पण प्रत्यक्षात थांबा बऱ्याचदा याहून मोठा असतो. उरलेला वेळ जातो कुठे? तो जातो चित्र लहान करण्यात, म्हणजे संक्षेपणात. या संक्षेपणाचा इतिहास आम्हाला फार बोधप्रद वाटतो. त्यात तीन मागण्या एकमेकींशी भांडत आहेत: चित्र थोड्या जागेत मावावे, ते ताबडतोब पोचावे आणि वाटेत कोणी त्याला हात लावू नये.

मूळ अडचण किती मोठी?

आधी थोडी आकडेमोड करू. १९८२ मध्ये स्टुडिओतील अंकीय चित्रासाठी एक आंतरराष्ट्रीय शिफारस ठरली. आपल्याकडील २५ फ्रेमच्या पद्धतीत चित्राला ५७६ दृश्य ओळी, दर ओळीला उजळपणाचे ७२० नमुने आणि रंगाचे दोन मिळून आणखी ७२०. म्हणजे ओळीला १,४४० आकडे. प्रत्येक आकडा ८ बिटांचा, दर सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार करा: सेकंदाला सुमारे १६.६ कोटी बिट. हे झाले जुन्या, साध्या चित्राचे. आजच्या १,९२० गुणिले १,०८० बिंदूंच्या चित्राला, दर बिंदूस २० बिट धरले तर, २५ फ्रेमसाठी सुमारे १०४ कोटी बिट लागतात. त्याच्या चौपट बिंदूंचे चित्र दर सेकंदाला ५० फ्रेमने पाठवायचे, तर ८२९ कोटी! स्टुडिओच्या आत खास केबल टाकून हा लोंढा वाहून नेता येतो. शहराबाहेरच्या मैदानावरून तो आणायचा, तर अडचण सुरू होते.

फक्त फरक सांगा

यावरचा पहिला उपाय अंकीय युगाच्या फार आधी सुचला होता. रे केल यांनी १९२९ मध्येच ब्रिटनमध्ये अशी कल्पना नोंदवली की दोन लागोपाठच्या चित्रांत जे बदलले तेवढेच पाठवावे. बातम्या वाचणाऱ्याच्या मागची भिंत सेकंदाला पंचवीस वेळा पुन्हा पुन्हा कशाला पाठवायची? मात्र त्यासाठी आधीचे चित्र जपून ठेवायला स्मरणसाठा लागतो, आणि तो तेव्हा नव्हता. कल्पना थांबून राहिली. १९५२ मध्ये बेल प्रयोगशाळेतील कटलर यांना शेजारशेजारच्या नमुन्यांतील फरक पाठवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळाले. १९६९ मध्ये त्याच प्रयोगशाळेतील माउंट्स यांनी दोन फ्रेममधील फक्त बदललेले बिंदू पाठवून दाखवले. केल यांची कल्पना चाळीस वर्षांनी यंत्रात उतरली.

'फार सोपी' म्हणून नाकारलेली कल्पना

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे पान एका भारतीयाच्या हातचे आहे. नासिर अहमद यांचा जन्म १९४० मध्ये बंगळूरचा, अभियांत्रिकीचे शिक्षणही तेथेच. पुढे अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठातून त्यांनी १९६६ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि ते कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. १९७२ मध्ये त्यांनी तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानकडे एक प्रस्ताव पाठवला: कोज्या, म्हणजे कोसाइन, वापरून चित्राचे रूपांतर करण्याचा अभ्यास करायचा आहे. प्रस्ताव नामंजूर झाला. अहमद यांनीच पुढे लिहून ठेवले आहे की, एका परीक्षकाला ही कल्पना फारच सोपी वाटली होती.

ते थांबले नाहीत. अनुदानाशिवाय, आपला विद्यार्थी टी. नटराजन आणि मित्र के. आर. राव यांच्यासह त्यांनी काम पुरे केले, आणि जानेवारी १९७४ मध्ये ते छोट्याशा शोधनिबंधाच्या रूपाने प्रसिद्ध झाले.

कल्पना काय होती? चित्राच्या एका ओळीतील आठ शेजारी बिंदूंचा उजळपणा समजा असा आहे: ५०, ५२, ५३, ५३, ५४, ५६, ५७, ५७. हे आकडे हळूहळू चढत आहेत. त्यांचे वर्णन आठ तरंगांच्या बेरजेने करता येते. पहिला तरंग सपाट, तो सरासरी सांगतो. दुसरा संथ, तो चढ सांगतो. पुढचे अधिकाधिक वेगाने वरखाली होणारे. आपल्या उदाहरणात पहिले दोन तरंगच जवळजवळ सगळे काम करतात. उरलेल्यांचा वाटा नगण्य. ते गाळले तरी डोळ्याला कळत नाही.

मग जुन्या फूरिये रूपांतराने हे का होत नव्हते? त्या पद्धतीत हीच आठ आकड्यांची पट्टी पुन्हा पुन्हा जोडली आहे असे धरतात. म्हणजे ५७ नंतर एकदम ५०! ही कृत्रिम उडी दाखवायला वेगवान तरंग लागतात. कोज्या रूपांतरात पट्टीच्या टोकाला जणू आरसा ठेवलेला असतो. ५७ नंतर पुन्हा ५७, मग ५६. उडी नाहीच. बाराव्या इयत्तेतील त्रिकोणमिती येणाऱ्याला समजेल इतकी ही गोष्ट सरळ आहे. तीच कल्पना ८ गुणिले ८ बिंदूंच्या चौकोनावर वापरून पुढे छायाचित्रांचे जेपेग आणि चलचित्रांचे एमपेग ही मानके उभी राहिली. 'सोपे' आणि 'क्षुल्लक' यांत फरक असतो, हे त्या परीक्षकाच्या लक्षात आले नाही. उत्तरपत्रिका तपासताना आपल्यालाही हे आठवावे, असे आम्हाला वाटते.

भविष्य पाहणारी फ्रेम

१९८८ मध्ये दूरभाषजाळ्यावरून चित्रसंभाषण करण्यासाठी एच.२६१ हे मानक ठरले. त्यात केल यांचा 'फरक' आणि अहमद यांचे 'रूपांतर' एकत्र आले. दोन माणसे बोलणार, म्हणून विलंब कमी ठेवण्याची काळजी त्यात होती. त्याच वर्षी एमपेग गटाचे काम सुरू झाले. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा होता: चकतीवर चित्रपट मावावा, पुढे प्रक्षेपणही व्हावे. त्यांनी एक चतुर युक्ती वापरली. मधल्या फ्रेमचा अंदाज केवळ आधीच्या फ्रेमवरून नव्हे, तर पुढच्या फ्रेमवरूनही करायचा. दाराआडून माणूस बाहेर आला, तर दारामागची भिंत पुढच्या फ्रेममध्येच दिसते. मग तिकडूनच उसनी घ्या. बिट खूप वाचले.

पण पुढची फ्रेम येईपर्यंत थांबावे लागते! मध्ये अशा दोन फ्रेम असतील तर पहिलीला आणखी दोन फ्रेमची, म्हणजे ८० मिलिसेकंदांची, वाट पाहावी लागते. शिवाय काही फ्रेम पूर्ण पाठवलेल्या, म्हणून जड. काही फरकाच्या, म्हणून हलक्या. नळ मात्र एकाच जाडीचा. जड फ्रेम त्यातून हळूहळू जाते, म्हणून दोन्ही टोकांना हौद बांधावे लागतात. हौद भरायला वेळ लागतो. आपल्या वार्ताहराचा उरलेला वेळ मोठ्या प्रमाणावर या हौदांत जातो.

घरी चित्रपट पाहणाऱ्याला एक सेकंद उशीर झाला तरी पत्ता लागत नाही. पण स्टुडिओत दूरच्या कॅमेऱ्याला सूचना देणारा दिग्दर्शक, वेगवेगळ्या गावी बसून एकत्र वाजवणारे वादक, दूरच्या चित्राचा रंग जुळवणारा तंत्रज्ञ यांना तो चालत नाही. म्हणून व्यावसायिक उपकरणांची वाट वेगळी झाली. तेथे पुढे पाहणाऱ्या फ्रेम गाळतात. पूर्ण फ्रेम एकदम पाठवण्याऐवजी तिची एकेक पट्टी प्रत्येक फ्रेमबरोबर ताजी करतात, म्हणजे हौद लहान राहतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जेपेग-एक्सएस मानकाने तर आधीच्या फ्रेमकडे पाहणेच सोडले. काही ओळी आल्या की त्या लहान करून पाठवून द्यायच्या. बिट साधारण दहाव्या हिश्शापर्यंतच कमी होतात, एमपेगइतके नाहीत. पण १,०८० ओळींच्या आणि २५ फ्रेमच्या चित्रात ३२ ओळींना किती वेळ लागतो, ते काढा: सुमारे १.२ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात हवेत ध्वनी ४० सेंटिमीटर जातो. ८० मिलिसेकंदांत तो २७ मीटर जातो. मांडीला मांडी लावून बसलेला तबलजी आणि मैदानाच्या पलीकडे बसलेला तबलजी, एवढा हा फरक आहे.

कुलूप आधी की घडी आधी?

आता तिसरी मागणी. २७ एप्रिल १९८६ रोजी अमेरिकेत एचबीओ वाहिनीचे उपग्रहाकडे जाणारे प्रक्षेपण दाबून एका माणसाने आपला निषेधाचा मजकूर काही मिनिटे दाखवला. वाहिनीने त्याच वर्षी जानेवारीपासून चित्रे विस्कटून पाठवायला सुरुवात केली होती, आणि राग त्याचाच होता. पुढच्या वर्षी, २२ नोव्हेंबर १९८७ रोजी, शिकागोत मुखवटा घातलेली व्यक्ती एकाच रात्री दोन वाहिन्यांवर अचानक प्रकटली. स्टुडिओकडून मनोऱ्याकडे जाणाऱ्या सूक्ष्मतरंग दुव्यावर कोणीतरी अधिक जोरदार संदेश सोडला होता. ती व्यक्ती आजतागायत सापडलेली नाही.

या दोन्ही घटनांत कोणी काही चोरून पाहिले नाही. खोटे चित्र खरे म्हणून स्वीकारले गेले. म्हणजे कुलूप आणि मोहोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुलूप परक्याला वाचू देत नाही. मोहोर हे पत्र खरोखर त्याच माणसाचे आहे असे सांगते. सुरक्षित उपकरणात दोन्ही लागतात.

कुलपाचा मूळ धडा दुसऱ्या महायुद्धातील आहे. १९४३ पासून लंडन आणि वॉशिंग्टन यांच्या दरम्यान सिगसॅली नावाची गुप्त दूरभाष यंत्रणा चालत असे. एकेका टोकाचे यंत्र सुमारे ५५ टनांचे. त्यात आवाजाचे आधी संक्षेपण होई: सेकंदाला ५० वेळा मोजलेल्या थोड्या आकड्यांत तो मावे. मग प्रत्येक आकड्यात एक यादृच्छिक आकडा मिसळला जाई. हे यादृच्छिक आकडे तबकडीवर मुद्रित असत. तशीच तबकडी पलीकडे, दोन्ही अगदी एकाच वेळी फिरत. वापरून झाली की नष्ट.

हा क्रम लक्षात घ्या: आधी घडी, मग कुलूप. उलट केले तर? कुलूप लावलेला मजकूर यादृच्छिक दिसतो. शेजारी आकडे एकमेकांसारखे उरत नाहीत. मग फरकही लहान नाही आणि चढही संथ नाही. अहमद यांच्या रूपांतराला धरायला काही उरतच नाही.

आणि कुलपामुळे विलंब वाढतो का? फारसा नाही. २००१ मध्ये प्रमाणित झालेली एईएस ही पद्धत 'गणक' रीतीने वापरली, तर यादृच्छिक दिसणारे आकडे चित्र येण्याआधीच तयार ठेवता येतात. चित्र आले की नुसते मिसळायचे. ५५ टनांच्या यंत्रातील तबकडीच ही, फक्त ती आता गुप्त किल्लीवरून दोन्ही टोकांना आपोआप घडते.

वर्गात करून पाहा

आम्ही शिक्षकांच्या शिबिरात हा खेळ घेतो. एका मुलाकडे आठ आकड्यांची ओळ द्या. त्याने ती वर्गाच्या दुसऱ्या टोकाला चिठ्ठ्यांनी पाठवावी. प्रथम सर्व आकडे, मग फक्त फरक. कमी अक्षरे कशात लागली? मग अट घाला: 'तिसरा आकडा कळल्याशिवाय पहिल्याची चिठ्ठी लिहायची नाही.' पलीकडची मुले खोळंबतील आणि विलंब म्हणजे काय हे त्यांना न सांगता कळेल. शेवटी दोन्ही टोकांना यादृच्छिक आकड्यांची एकच यादी द्या, आणि मधल्या मुलांना चिठ्ठी वाचून मूळ आकडा ओळखायला सांगा.

पुढच्या वेळी पडद्यावरचा वार्ताहर गप्प उभा दिसला, की मुले बहुधा पुन्हा हसतील. पण पाव सेकंद आकाशाचा आणि बाकीचा हौदाचा, हा हिशोब त्यांतील काहींना तरी मांडता येईल.