आभाळ शेखांचं, आवाज कंत्राटी

इराण अडून बसला म्हणून शारजाला विमानतळ मिळाला. १९२९च्या मार्चअखेर लंडन ते कराची हवाई टपाल सुरू झालं, तेव्हा इम्पीरियल एअरवेजची विमानं आखाताच्या इराणी किनाऱ्याने बुशहर, लिंगेह, जास्क असे थांबे घेत येत. परवानगीची मुदत संपत आली तशी तेहरानने ती वाढवायला नकार दिला आणि ब्रिटिशांना समोरचा अरबी किनारा धुंडाळावा लागला. शारजाचे शेख सुलतान बिन सकर अल कासिमी यांनी १९३२ साली जागा द्यायचं कबूल केलं. ऑक्टोबरात चार इंजिनांची, दुहेरी पंखांची अवाढव्य हँडली पेज विमानं तिथल्या टणक वाळूवर उतरू लागली. रात्रीच्या मुक्कामाला प्रवाशांसाठी किल्ल्यासारखी तटबंदी असलेलं विश्रामगृह बांधलं गेलं. ‘अल महत्ता’ म्हणजे स्टेशन, हे त्याचं नाव आजही टिकून आहे.

त्याच महिन्यात, १५ ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एक छोटं पुस मॉथ विमान अहमदाबादमार्गे जुहूला आणलं. भारतीय विमान वाहतुकीच्या इतिहासात ही तारीख ठळक अक्षरांत असते. पण लंडनचं टपाल कराचीपर्यंत कोणत्या वाटेने यायचं, हे कुणी फारसं सांगत नाही. आता मुंबईची विलायती पत्रं शारजाच्या वाळूत रात्र काढून येणार होती. आखाताचा ब्रिटिश कारभारही त्या काळी हिंदुस्थान सरकारमार्फतच चाले आणि बाजारात रुपया चाले. दुबईच्या खाडीत उतरणाऱ्या सागरी विमानांसाठी १९३७ साली करार झाला, त्याचं भाडंसुद्धा रुपयांतच ठरलं होतं, महिना ४४०.

शारजात शेखाने जमीन दिली आणि पहारेकरी दिले. विमानाशी बोलणारा माणूस मात्र बाहेरून आला. तेव्हा ‘बोलणं’ म्हणजे बिनतारी यंत्रावर मोर्सची टकटक, वाऱ्याची दिशा, धुळीची बातमी. पण वाटणी तिथेच पडली. जमीन स्थानिक राजाची, आवाज परक्याचा. पुढे राजे श्रीमंत झाले, वाळूची धावपट्टी डांबराची झाली, मोर्स जाऊन रेडिओ आणि रडार आले, तरी ही वाटणी आश्चर्यकारक चिवटपणे टिकली.

टिकण्यामागे कायद्याचाही हात आहे. १९४४च्या डिसेंबरात शिकागोला झालेल्या करारनाम्याच्या पहिल्याच कलमाने प्रत्येक देशाला आपल्या आकाशावर पूर्ण आणि एकमेव सार्वभौमत्व दिलं. अठ्ठाविसाव्या कलमाने त्याच देशांच्या गळ्यात जबाबदारीही घातली: दिशादर्शन, रेडिओ, हवामान या सगळ्या सोयी शक्य तितक्या पुरवायच्या. हक्क फुकट मिळाला, सोयींना पैसा आणि माणसं लागणार होती. युद्ध संपल्यावर रॉयल एअर फोर्स ठिकठिकाणची बिनतारी ठाणी आवरू लागली. मग लांब पल्ल्याच्या विमानांनी बोलायचं कुणाशी?

उत्तर विमान कंपन्यांनीच शोधलं. १९४७ साली लंडनमध्ये इंटरनॅशनल एअरेडिओ लिमिटेड, म्हणजे आयएएल, स्थापन झाली. बीओएसी ही ब्रिटिश सरकारी विमान कंपनी तिची मुख्य भागधारक होती. काम एकच, पण विलक्षण: ज्या देशाला आपलं आकाश सांभाळायला माणसं नाहीत, त्याला ती कंत्राटावर पुरवायची. नियंत्रक, रेडिओ ऑपरेटर, यंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ, सगळे. एखाद्या देशाचं आकाश चालवण्याचं काम निविदा आणि मुदतीच्या भाषेत बसवणारी ही कल्पना त्या काळात धाडसाचीच म्हणायला हवी. आखातात तर आयएएलचं नाव घरोघरी पोचलं, कारण दुबईची पहिली टेलिफोन कंपनी उभी करण्यातही तिचा मोठा वाटा होता. ३० सप्टेंबर १९६० रोजी दुबईचा विमानतळ उघडला तेव्हा धावपट्टी दाबून घट्ट केलेल्या वाळूची होती. डांबरी धावपट्टी यायला १९६५ उजाडलं. बीओएसीची वारस असलेल्या ब्रिटिश एअरवेजने आयएएल १९८३ मध्ये विकली आणि पुढे ती सर्को या ब्रिटिश कंत्राटदार कंपनीत सामील झाली. पाटी बदलली, धंदा तोच राहिला.

या धंद्याची एक खोच बाहेरच्यांना सहसा ठाऊक नसते. नियंत्रकाचा परवाना आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बनतो, त्यामुळे तो जगभर चालत असेल असा समज होतो. प्रत्यक्षात परवान्यावर ‘रेटिंग’ची नोंद असते आणि ती ठरावीक ठिकाणाला, ठरावीक कामाला बांधलेली असते. ग्लासगोच्या टॉवरमध्ये वीस वर्षं काढलेला माणूस दुबईत आला की तो पुन्हा उमेदवार होतो. स्थानिक नकाशा, हवाई मार्ग, डोंगरांची उंची, शेजारच्या केंद्राशी झालेले करार, लष्कराच्या राखीव जागा हे सगळं पाठ करायचं. मग प्रशिक्षकाच्या शेजारी बसून कित्येक महिने प्रत्यक्ष विमानं हाताळायची. प्रशिक्षक त्याच्या निम्म्या वयाचाही असू शकतो. शेवटी परीक्षा. तिच्यात नापास झाला तर परतीचं तिकीट.

म्हणजे या माणसाची विद्या जगभर मागणी असलेली आणि तरीही जागेवर खिळलेली. जहाजाचा कप्तान आपलं जहाज घेऊन हिंडतो, वैमानिक विमान घेऊन. नियंत्रकाला मात्र दर मुक्कामी पाटी कोरी करावी लागते. आखाती कंत्राटांत करमुक्त पगार, घर, मुलांच्या शाळेची फी, वर्षाकाठी मायदेशाचं तिकीट आणि शेवटी ग्रॅच्युइटी अशी भरभक्कम यादी असते ती काही उगाच नाही. त्याच खोलीत, त्याच रोस्टरवर, पण वेगळ्या पासपोर्टच्या माणसाला वेगळा पगार, ही तिथली जुनी कुरबुर. रत्नागिरीहून किंवा केरळहून आखातात गेलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागणार नाही.

रडार येण्याआधीचं काम तर शुद्ध डोक्यातलं. समोर फळीवर कागदी पट्ट्या, प्रत्येक विमानाची एक. तिच्यावर विमानाची उंची आणि ते अमुक बिंदूवर केव्हा पोचेल त्याचा अंदाज. खरखरत्या रेडिओवर वैमानिक सांगेल ती वेळ लिहायची आणि एकाच उंचीवर एकामागून एक जाणाऱ्या दोन विमानांत दहा-दहा मिनिटांचं अंतर राखायचं. विमान दिसत नाही, फक्त त्याचा हिशेब दिसतो.

माणसं मायदेश सोडायची कारणं निरनिराळी. कधी पैशांची ओढ, कधी साम्राज्याचा शेवट. ३० जून १९६० रोजी काँगो स्वतंत्र झाला आणि काही दिवसांतच लष्करात बंड होऊन बेल्जियन तंत्रज्ञांचे लोंढे निघून गेले. संयुक्त राष्ट्रांची फौज तर विमानांनीच यायची होती. तेव्हा मॉन्ट्रियलच्या आयकाओने, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, देशोदेशीचे तज्ज्ञ गोळा करून तिथे धाडले.

अमेरिकेतलं कारण संपाचं. ३ ऑगस्ट १९८१ रोजी तिथल्या सुमारे तेरा हजार नियंत्रकांनी काम थांबवलं. अध्यक्ष रेगन यांनी दोन दिवसांची मुदत दिली आणि न परतलेल्या अकरा हजारांहून अधिक जणांना बडतर्फ केलं. सरकारी नियंत्रकाच्या नोकरीचं दार त्यांना क्लिंटन यांच्या काळात, १९९३ साली, पुन्हा उघडलं. मधल्या बारा वर्षांत कुणी टॅक्सी चालवली, कुणी विमा विकला आणि काहींनी परदेशातले टॉवर गाठले. अमेरिकेने मोडलेला संप परदेशातल्या टॉवरना अनुभवी माणसं देऊन गेला, हा त्या प्रकरणातला क्वचितच नोंदला जाणारा भाग.

आइसलँडची तऱ्हा आणखी निराळी. या देशाला लष्करच नाही, तरी तो नाटोचा सभासद. मग मित्रराष्ट्रांना मदत कशी करायची? त्याने विमानतळ चालवणारी माणसं पाठवली, आधी कोसोवोत प्रिष्टिनाला आणि २००४ साली काबूलला.

आखातातल्या खुर्च्यांवर बसलेल्यांना युद्धं दाराशीच होती. इराण-इराक युद्धाच्या अखेरीस, ३ जुलै १९८८ रोजी, बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं ६५५ क्रमांकाचं विमान अमेरिकी युद्धनौका विन्सेनेसने पाडलं. आतले सर्व २९० जण मेले. प्रवास अर्ध्या तासाचा, मार्ग नेहमीचा, नकाशावर छापलेला. आयकाओच्या चौकशीत उघड झालं की आखातातल्या अमेरिकी युद्धनौकांकडे आणीबाणीच्या एका लहरीखेरीज नागरी नियंत्रकांच्या लहरी ऐकण्याची सोयच नव्हती. नियंत्रक आणि वैमानिक यांच्यात चाललेलं साधं, रोजचं बोलणं ऐकलं असतं तरी ते प्रवासी विमान आहे हे कळलं असतं.

परक्या आकाशाची जबाबदारी नेमकी कुणाची, हा प्रश्न सर्वांत क्रूरपणे विचारला गेला तो मात्र युरोपात. १ जुलै २००२ च्या रात्री दक्षिण जर्मनीत, युबरलिंगेन गावावर, रशियाचं तुपोलेव आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग एकमेकांवर आदळलं. ७१ जण गेले. त्यात सुट्टीला निघालेली शाळकरी मुलंच बहुसंख्य होती. बोइंग बहारीनहून निघालेलं. आकाश जर्मनीचं, पण ते सांभाळत होतं झुरिकचं केंद्र, म्हणजे स्कायगाइड ही स्विस कंपनी. आणि त्या रात्री खुर्चीवर होता एक डॅनिश नियंत्रक.

तो एकटा होता. जोडीदार विश्रांतीला गेलेला, ही तिथली रूढ आणि व्यवस्थापनाला ठाऊक असलेली पद्धत. दोन पडदे एकट्याने सांभाळायचे, त्यात फ्रीडरिक्सहाफेनला उतरणारं एक उशिरा आलेलं विमान. देखभालीसाठी मुख्य टेलिफोन यंत्रणा बंद होती आणि धोक्याची खूण पडद्यावर दाखवणारी सोयही बंद. जर्मनीतल्या कार्ल्सरूह केंद्राला टक्कर दिसत होती, ते फोन लावत होते, फोन लागत नव्हता. टक्करीला मिनिटभरही उरलं नसताना नियंत्रकाने तुपोलेवला खाली यायला सांगितलं. त्याच वेळी विमानांतल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रांनी तुपोलेवला वर जा आणि बोइंगला खाली जा असं सांगितलं. रशियन वैमानिकांनी माणसाचं ऐकलं, बोइंगने यंत्राचं. दोन्ही खाली आली.

दीड वर्षाने, २४ फेब्रुवारी २००४ रोजी, बायको आणि दोन्ही मुलं गमावलेल्या एका रशियन माणसाने झुरिकजवळच्या क्लोटेनमध्ये त्या नियंत्रकाला त्याच्या घराबाहेर भोसकून मारलं. स्कायगाइडच्या चार अधिकाऱ्यांना न्यायालयाने दोषी ठरवलं ते त्यानंतर, २००७ साली. पण या सगळ्यात २००६चा कोन्स्टान्झच्या न्यायालयाचा निकाल या लेखाच्या दृष्टीने सर्वांत बोलका. आपल्या आकाशाचा तुकडा स्विस कंपनीच्या हवाली करताना जर्मनीने तसा वैध आंतरराष्ट्रीय करारच केलेला नव्हता, म्हणून नुकसानीचं उत्तरदायित्व जर्मनीवर येतं, असं न्यायालय म्हणालं. वर्षानुवर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालली होती. कागद तपासायची वेळ ७१ मृत्यूंनंतर आली.

सोमालियाची गोष्ट याच्या बरोबर उलट. तिथे यादवी माजली आणि सरकारच उरलं नाही, पण युरोप-आफ्रिका-हिंदी महासागराच्या विमानांना त्या आकाशातून जाणं भाग होतं. १९९६ पासून संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली मोगादिशूचं आकाश केनियातून, नैरोबीहून, चालवलं गेलं. तिथले नियंत्रक होते सोमालीच. परदेशात बसून ते आपल्याच देशाच्या आकाशाची राखण करत होते, आणि त्यावरून जाणाऱ्या विमानांकडून येणाऱ्या शुल्कातून हा खर्च भागत होता. दोन दशकांनी, २०१७च्या डिसेंबरात, हे काम मोगादिशूला परत गेलं.

त्याच वर्षी जूनमध्ये कतारला सार्वभौमत्वाच्या पहिल्या कलमाची खरी किंमत कळली. सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिरात, बहारीन आणि इजिप्त यांनी संबंध तोडले. कतारवरचं आकाश नियंत्रणापुरतं जुन्या वाटणीने बहारीनच्या क्षेत्रात मोडत होतं. अमिरातीने १९८०च्या दशकातच आपलं वेगळं क्षेत्र करून घेतलं होतं, कतारने नाही. त्यामुळे जगातल्या बड्या विमान कंपन्यांपैकी एकीला आपल्याच अंगणातून बाहेर पडायला मोजक्या, अरुंद वाटा उरल्या, त्याही आयकाओच्या मध्यस्थीने. साडेतीन वर्षांनी समेट झाला, पण दोहा तोवर शहाणं झालं होतं. ८ सप्टेंबर २०२२ पासून ‘दोहा हवाई माहिती क्षेत्र’ टप्प्याटप्प्याने अस्तित्वात आलं.

आकाश परत मिळालं तरी हिशेब शिल्लक राहतोच. नियंत्रकाची एक खुर्ची चोवीस तास, वर्षभर भरलेली ठेवायला सुट्या आणि विश्रांती धरून किमान पाच माणसं लागतात, आणि एका केंद्रात अशा खुर्च्या अनेक. कतारच्या सुमारे तीस लाख रहिवाशांपैकी नागरिक साधारण दहावा हिस्सा. त्यांना डॉक्टर, वकील, सैनिक, वायू कंपनीचे अधिकारीही व्हायचं असतं. त्यामुळे दोहाच्या नव्या पडद्यांसमोरही अनेक देशांचे लोक बसतात. कतारी उमेदवारांचं प्रशिक्षण शेजारीच चालू असतं, आणि प्रशिक्षकाचं कंत्राट ठरल्या मुदतीने नव्याने करावं लागतं.